मारणारा आणि सांभाळणारा एकच असेल तेव्हा

दिव्यांग मुलावर घरातच अत्याचार होत असेल तर काय करायचं, कुणाकडे जायचं

सोलापूरची भवानी पेठ, घोंगडे वस्ती, जोडभावी पेठ आणि पलीकडचा पूर्व भाग. इथून येणारे प्रश्न शब्द बदलून तेच ते असतात. “शेजारच्या मतिमंद पोराला त्याचा बाप रोज झोडपतो, आम्ही मधे पडावं का?” “दिराची नजर चांगली नाही असं वाटतं, पण माझ्या मुलीला बोलताच येत नाही, पुरावा कुठून आणू?” “मी कामावर जाताना पोराला बांधून जाते, हा गुन्हा आहे का?” आणि या सगळ्यांच्या तळाशी एकच भीती असते. तक्रार केली तर पोरगं उचलून कुठल्या तरी आश्रमात टाकतील, मग त्याला बघणार कोण?

ही भीती फुकाची नाही. धडधाकट मूल मार चुकवून मावशीकडे पळू शकतं, निदान गल्लीत येऊन रडू शकतं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला जो मारतो, तोच अनेकदा त्याला उचलून संडासाला नेतो, भरवतो, फिट आली की गोळी देतो. म्हणून शेजारी गप्प, आई गप्प आणि मूलही गप्प. ‘लॅन्सेट’च्या बाल व किशोर आरोग्यविषयक नियतकालिकात २०२२ मध्ये २५ देशांतल्या १ कोटी ६० लाखांहून अधिक मुलांच्या माहितीचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार दिव्यांग मुलांवर हिंसा होण्याचा धोका इतर मुलांच्या दुपटीहून जास्त आहे आणि साधारण तीनातल्या एका दिव्यांग मुलाला हिंसेला तोंड द्यावं लागतं. तेव्हा हे एखाद्या गल्लीचं किंवा एखाद्या समाजाचं दुखणं नाही.

हिंसा थांबवायची आणि मुलाचा सांभाळही तुटू द्यायचा नाही, अशी ही दुहेरी गरज आहे. कायद्यात दोन्हींची सोय आहे. लोकांना फक्त पोलीस ठाणं माहीत असतं, तेही अर्धंच.

आधी एवढंच ठरवा: आजची रात्र सुरक्षित आहे का?

नसेल तर पुढचं सगळं नंतर वाचा.

- ११२ किंवा १०९८ लावा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत. मुलाचं वय, अपंगत्व, त्याला कोणती भाषा कळते, फिट येतात का आणि त्याला उचलून न्यावं लागेल का, हे पहिल्याच वाक्यांत सांगा. नाहीतर माणसं येतात आणि मुलाला हलवायचं कसं यावरच अर्धा तास जातो.
- जखम, भाजणं, शुद्ध हरपणं, अन्नपाण्यावाचून गळून जाणं यांपैकी काही असेल तर आधी सिव्हिल हॉस्पिटल गाठा. मार कुणी दिला ते डॉक्टरांना सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. ‘जिन्यावरून पडला’ असं एकदा लिहिलं गेलं की पुढे ते पुसता येत नाही.
- लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर मुलाला आंघोळ घालू नका. अंगावरचे कपडे धुऊ नका, ते कागदी पिशवीत ठेवा. गुन्हा नोंदवला नसला तरी वैद्यकीय तपासणी करता येते. तातडीचे उपचार मोफत द्यायचं बंधन सरकारी रुग्णालयांइतकंच खासगी रुग्णालयांवरही आहे.
- निघताना रोजची औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, कानाचं यंत्र, चष्मा, कॅलिपर, दिव्यांग कार्ड घ्या. आणि ज्याशिवाय मूल झोपत नाही ती चादर किंवा खेळणंही घ्या. अनोळखी जागी पहिली रात्र त्यावरच निभते.

मुलाला संरक्षणासाठी बाल कल्याण समितीपुढे २४ तासांत हजर करायचं असतं, प्रवासाचा वेळ त्यातून वगळतात. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यापुढेही हजर करता येतं. त्यामुळे ‘आता सोमवारीच या’ हे उत्तर मान्य करू नका.

आजची रात्र धोक्याची नसेल तर चार-आठ दिवस नीट नोंदी करायला हरकत नाही. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत मात्र एक दिवसही थांबू नका.

मार दिसतो, बाकीचं दिसत नाही

काठीचा वळ कुणालाही कळतो. दिव्यांग मुलाच्या बाबतीत खूपशी हिंसा काळजीच्या नावाखाली चालते आणि घरातल्यांनाही ती हिंसा वाटत नाही. हे प्रकार ओळखून ठेवा:

- वारंवार संडासाला न्यावं लागतं म्हणून पाणी किंवा जेवण तोडणं. जाणूनबुजून अन्नपाणी नाकारणं हा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ९२ खाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत.
- शिक्षा म्हणून श्रवणयंत्र काढून घेणं, व्हीलचेअर किंवा कुबड्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवणं. हेही त्याच कलमात येतं. बहिऱ्या मुलाचं यंत्र काढणं म्हणजे काय, ते दोन दिवस कानात बोळे घालून बघितल्यावर कळेल.
- डॉक्टरांनी सांगितली त्यापेक्षा जास्त झोपेची गोळी देऊन मुलाला दिवसभर पाडून ठेवणं.
- चारचौघांत ‘वेडं’, ‘पाप’ म्हणून हिणवणं, मुद्दाम अपमान करणं.
- ‘बाहेरचं आहे’ म्हणून मांत्रिकाकडे नेऊन चटके, मिरचीची धुरी, साखळी, चाबूक. फिट येणाऱ्या आणि स्वमग्न मुलांच्या नशिबी हे फार येतं. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा नेमका यासाठीच आहे. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. ‘आईवडिलांनीच नेलं होतं’ हा त्यावर बचाव होत नाही.

आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानं मुलाला मारहाण केली, टाकून दिलं किंवा दुर्लक्ष करून यातना दिल्या तर कलम ७५ लागतं. मूल वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित दिव्यांग असेल तर कलम ८५ प्रमाणे शिक्षा दुप्पट होते. दिव्यांग प्रमाणपत्र याही कारणासाठी हातात असावं. पण ते नाही म्हणून तक्रार अडवता येत नाही. तक्रार आज द्या, प्रमाणपत्राचा अर्ज सोबत चालू द्या.

“मी बांधून जाते”

या प्रश्नावर जरा थांबू, कारण विचारणारी बहुतेक वेळा आई असते आणि ती स्वतःहून विचारते.

समजा, दहा बाय बाराची खोली. भिंतीपलीकडे यंत्रमाग, त्यामुळे मूल ओरडलं तरी कुणाला ऐकू जात नाही. मुलगा चौदाचा, मतिमंद, फिट येणारा. दार उघडं दिसलं की तो रस्त्याकडे धावतो. आई वळलेल्या बिड्या कारखान्यात द्यायला जाते. दोन तासांचं काम, पण बिड्या नापास झाल्या, रांग लांबली, की चार तास होतात. तोवर मुलाचा पाय टॉवेलनं खाटेच्या खुराला. ती टॉवेल मऊ निवडते आणि गाठ सैल मारते. तरी घोट्याभोवती काळपट कडं पडलेलं असतं, कारण तो ओढ घेत राहतो.

या बाईला क्रूर म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. पण तिनं जे केलं ते चालेल असंही म्हणता येणार नाही. बांधलेल्या मुलाला फिट आली, गॅस गळला, शॉर्टसर्किट झालं, तर सुटायला वाव नसतो. तमिळनाडूतल्या एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण जागच्या जागी जळून मेले. साखळी असो की टॉवेल, आग लागल्यावर फरक पडत नाही. शिवाय चौदाव्या वर्षी बांधलेलं मूल अठराव्या वर्षी जास्त ताकदीनं ओढ घेतं, आणि गाठ घट्ट होत जाते.

तुम्ही अशा घरात असाल तर:

- दिवसातला नेमका कुठला वेळ अडतो तो काढा. बहुतेक घरांत तो दीड-दोन तासांचा ठरलेला असतो. ‘दिवसभर कोण बघणार?’ याला उत्तर मिळत नाही. ‘अकरा ते एक कोण बघणार?’ याला मिळतं. अशाच अडचणीतली दुसरी आई गल्लीत सापडली तर पाळी लावा.
- लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत. शाळा नाही म्हणाली तर ते लेखी मागा आणि महापालिकेच्या शिक्षण मंडळाकडे, समग्र शिक्षा अभियानाच्या विशेष शिक्षकांकडे जा. शाळेत गेलेलं मूल निदान त्या वेळेपुरतं बांधावं लागत नाही.
- फिटची औषधं शेवटची कधी तपासली? सारखं पळणं, रात्र रात्र न झोपणं, अंगावर धावून येणं यांतलं बरंच औषध बदलल्यावर कमी होतं.
- दाराला उंचावर कडी किंवा खाली अर्धं फाटक लावा, पण कुणीतरी घरात असतानाच. एकट्याला आत कोंडून बाहेरून कुलूप हा बांधण्यावरचा उपाय नव्हे.
- तुमचा स्वतःचा हात उठू लागला असेल, रात्री नको ते विचार येत असतील, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं. मोफत आहे. नाव सांगायलाच हवं असं नाही.

आणि मुख्य गोष्ट. आईला स्वतःहून जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे किंवा बाल कल्याण समितीकडे मदत मागायला जाता येतं. कुणी तक्रार केल्यावर जाणं वेगळं आणि ‘मला एकटीला झेपत नाही, काय सोय आहे?’ म्हणत जाणं वेगळं. पैशाच्या योजना याच दारातून पुढे सरकतात: राज्याची बाल संगोपन योजना (महिन्याला २,२५० रुपये), केंद्राच्या मिशन वात्सल्यची प्रायोजकत्व मदत (४,००० रुपये). प्रत्येक घर दोन्हीच्या निकषांत बसेलच असं नाही, पण अर्ज न करता ते ठरवू नका. संजय गांधी निराधारचा पगार तहसीलमधून होतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांसाठी ‘निरामय’ हा एक लाखापर्यंतचा आरोग्यविमा आहे.

शेजाऱ्यांनो, शिक्षकांनो: नोंद कशी ठेवाल

‘नेहमीच मारतो’ हे वाक्य कुठल्याही कार्यालयात टिकत नाही. ‘मंगळवारी रात्री साडेनऊला, जेवण सांडलं म्हणून, पट्ट्यानं, तीन-चार फटके, मी गॅलरीतून पाहिलं’ हे टिकतं. वहीत तारीख, वेळ, काय पाहिलं, काय ऐकलं आणि आणखी कुणी पाहिलं हे लिहा. पाहिलेलं आणि ऐकीव वेगवेगळं ठेवा.

खुणा बघताना एवढं ध्यानात असू द्या. चालणारं मूल पडतं तेव्हा गुडघे, नडगी, कपाळ खरचटतं. पाठ, मांडीची आतली बाजू, कान, दंडाचा आतला भाग, दोन्ही मनगटांवर सारखे वळ, ही पडण्याची ठिकाणं नव्हेत. आणि जे मूल स्वतः कुशीवरही वळू शकत नाही त्याच्या अंगावर काळंनिळं दिसलं तर प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण ते कुठे पडणार?

उलट बाजूही आहे. काही स्वमग्न मुलं स्वतःचा हात चावतात, डोकं भिंतीवर आपटतात. त्याची जखम बहुतेक ठरावीक जागी असते आणि शाळेतही तसंच घडतं. म्हणून आळ घेण्याआधी वर्गशिक्षिकेला विचारा.

अंगावर खूण नसेल तर वागणं बघा. सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होणं. एका ठरावीक माणसानं कपडे बदलायला घेतले की आकांत. सुट्टीहून आल्यावर खाणं बंद. मतिमंद मुलाच्या अशा बदलाला ‘त्याचा आजारच तसा’ म्हणून सोडून देतात, आणि तिथेच महिने निघून जातात.

तक्रारीची तीन दारं

१. बाल कल्याण समिती. इथे एफआयआर लागत नाही. शेजारी, शिक्षक, परिचारिका, सामाजिक कार्यकर्ता, कुणीही मुलाची बाजू घेऊन जाऊ शकतं, मूल स्वतःही. पोहोचायची वाट म्हणजे १०९८ किंवा जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांचं कार्यालय.

२. पोलीस ठाणं. जोडभावी पेठ, जेल रोड, फौजदार चावडी, हद्द कुणाची या घोळात पडू नका. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते, ती नंतर वर्ग होते. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्याचं नाव विचारा. नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) घेऊन परत पाठवलं तर तिची प्रत घ्या आणि पहिल्या दाराशी जा. दखलपात्र गुन्हा असूनही फिर्याद घेतलीच नाही, तर तोच मजकूर पोलीस आयुक्तांकडे रजिस्टर टपालानं पाठवा. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

तक्रार घेणाऱ्या पोलिसानं दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ७ प्रमाणे चार गोष्टी तुम्हाला सांगायच्याच असतात: संरक्षणासाठी अर्ज करण्याचा हक्क आणि तो कुठल्या दंडाधिकाऱ्यांकडे करायचा, जवळची पुनर्वसन संस्था, मोफत वकील आणि फौजदारी तक्रारीचा हक्क. आपणहून कुणी सांगेल अशी आशा ठेवू नका. ‘कलम सातची माहिती द्या’ असं म्हणा.

३. कार्यकारी दंडाधिकारी. हे दार जवळजवळ कुणाला ठाऊक नाही, आणि माझ्या मते भवानी पेठेतल्या निम्म्या प्रश्नांना तेच लागू पडतं. दिव्यांग व्यक्तीवर अत्याचार झाला आहे, चालू आहे किंवा होण्याची शक्यता आहे, असं वाटणारा कुणीही माणूस किंवा नोंदणीकृत संस्था त्यांना कळवू शकते. ते अत्याचार थांबवण्याचा, सुटका करण्याचा, सुरक्षित ठिकाणी ठेवण्याचा, पोटगीचाही आदेश देऊ शकतात. अर्ज एका पानाचा पुरतो:

> प्रति, मा. तहसीलदार तथा कार्यकारी दंडाधिकारी, उत्तर सोलापूर.
> विषय: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६, कलम ७(२) अन्वये माहिती.
> मूल: नाव, वय, दिव्यांगत्वाचा प्रकार, पत्ता.
> घटना: तारीख, वेळ, काय घडले, कोणी केले, कोणी पाहिले.
> आत्ताचा धोका: मूल कोणासोबत आहे, पुढे काय होण्याची भीती आहे.
> विनंती: अत्याचार तात्काळ थांबवावा, मुलाचे वैद्यकीय उपचार व औषधे खंडित होऊ नयेत, शक्य असल्यास मुलाला (नात्यातील व्यक्तीचे नाव) यांच्याकडे ठेवावे.
> अर्जदाराचे नाव, सही, फोन.

दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. मूल कुणाकडे ठेवावं ही ओळ रिकामी सोडू नका. तुम्ही पर्याय सुचवला नाही तर साहेबांपुढे संस्थेचा पर्याय तेवढा उरतो.

बाप मुलाबरोबर आईलाही मारत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत दोघांसाठी एकत्र अर्ज करा. घरातून हाकलून न देण्याचा आदेश, मुलाचा तात्पुरता ताबा, खर्च, सगळं त्यात मागता येतं. महिलांसाठी १८१ आहे. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून अडू नका. मूल, स्त्री आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, क्रमांक १५१००.

बोलता न येणाऱ्या मुलाचा जबाब

‘त्याला बोलताच येत नाही, केस उभी राहणार नाही.’ हे वाक्य पोलीस म्हणतात, नातेवाईक म्हणतात आणि ज्यानं अत्याचार केला तो तर मनातल्या मनात आधीच म्हणालेला असतो. मूल निवडतानाच त्यानं तो विचार केलेला असतो.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम २६ प्रमाणे दिव्यांग मुलाचा जबाब घेताना विशेष शिक्षकाची, किंवा मुलाची बोलण्याची रीत ओळखणाऱ्या माणसाची मदत घेता येते. कोर्टातल्या साक्षीसाठीही तशीच तरतूद आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. मूल ठाण्यात नेण्याचा आग्रह धरला तर नम्रपणे नकार द्या. तुमच्या हातात काय आहे ते बघा:

- भाषा सांगा. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत मूल तेलुगूत वाढतं, कुठे कन्नड, कुठे उर्दू. शाळेत मराठी कळतं म्हणून जबाबही मराठीत द्यावा असं नाही. भेदरलेलं मूल घरच्या भाषेतच बोलतं. दुभाषा मागा. तो आरोपीच्या नात्यातला नसावा.
- खुणांचं घरचं शास्त्र लिहून द्या. शाळेत न गेलेल्या कर्णबधिर मुलाला भारतीय सांकेतिक भाषा येत नसते, घरच्या खुणा येतात. काकासाठी मिशीवर बोट, दुखण्यासाठी गालावर हात, अशी यादी आई किंवा शिक्षिका देऊ शकते. सेरेब्रल पाल्सीचं मूल नजरेनं ‘हो’ म्हणत असेल तर तेही लिहा. चित्रं, फोटो, बाहुली चालते.
- होकारार्थी प्रश्न टाळा. बौद्धिक अक्षमता असलेली मुलं मोठ्यांना खूश करायला ‘हो’ म्हणून टाकतात. ‘मामानं हात लावला ना?’ याला ‘हो’, आणि उद्या बचावाच्या वकिलानं ‘मामा चांगलाय ना?’ विचारलं तर त्यालाही ‘हो’. त्याऐवजी ‘काल दुपारी काय झालं?’, ‘मग?’, ‘कुठे?’ एवढंच. नंतर उत्तराची वाट बघा. अर्धा मिनिट शांतता आपल्याला जड जाते, मुलाला ती लागते.
- घरी उलटतपासणी नको. आत्या, मावशी, शेजारीण, प्रत्येकीनं विचारलं की मूल प्रत्येकीला वेगळं सांगतं आणि मग ‘शिकवलेलं आहे’ असा शिक्का बसतो. एकदा ऐका, त्याचेच शब्द लिहा, थांबा.
- दृक्श्राव्य चित्रीकरणाची मागणी करा, आणि समितीकडून सहायक व्यक्ती मागून घ्या. खटला संपेपर्यंत ती सोबत असते.

वयाबद्दल हमखास गोंधळ होतो. ‘अंगानं वीस वर्षांची, बुद्धीनं सहा वर्षांची’ मुलगी पोक्सोत येते का? नाही. जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेरेब्रल पाल्सी असलेल्या ३८ वर्षांच्या स्त्रीच्या प्रकरणात सांगितलं की पोक्सोसाठी जन्मतारखेचंच वय धरायचं, मानसिक वय नाही. म्हणून जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला लगेच शोधा. अठरा पूर्ण असतील तर गुन्हा भारतीय न्याय संहितेखाली आणि दिव्यांग हक्क कायद्याखाली नोंदवतात.

या चुका करू नका

- व्हिडिओ ग्रुपवर टाकणं. पुरावा म्हणून जपा, तपास अधिकाऱ्याला द्या. मुलाची ओळख उघड करणं हा तुमचाच गुन्हा होतो.
- पंच बसवून मिटवणं. लैंगिक गुन्ह्यात तडजोड नसते. तो माहीत असून न कळवणाऱ्यालाही पोक्सोत शिक्षा आहे, मग तो सासरा असो की मुख्याध्यापक. प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही.
- मूल हलवण्याआधी दमदाटी. ‘तुझी तक्रार करतो’ म्हणून तुम्ही घरी जाता, मार मुलाला बसतो.
- स्वतःच मूल उचलून नेणं. अपहरणाची उलट तक्रार होते. नातेवाईक असाल तरी समितीमार्फतच ताबा घ्या.

मुलगी वयात आली की

पाळी सुरू झाली की काही घरांत गर्भाशय काढण्याची भाषा सुरू होते. कारण दिलं जातं स्वच्छतेचं, मनात भीती असते गर्भ राहण्याची. १९९४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींवर हीच शस्त्रक्रिया केली गेली तेव्हा राज्यभर संताप झाला होता. शस्त्रक्रियेनं पाळी थांबते, अत्याचार थांबत नाही. उलट गर्भ राहणार नाही हे कळल्यावर अत्याचार करणाऱ्याला मोकळं रान मिळतं. पाळीचं शिक्षण चित्रांच्या तक्त्यानं, रोज तीच क्रिया त्याच क्रमानं करून देता येतं. विशेष शाळेतल्या शिक्षिकांना ते जमतं. त्याच बैठकीत ‘अंगाला कुणी कुठे हात लावायचा’ हेही शिकवून घ्या.

‘लग्न करून दिलं की सुधारेल’ याबद्दल एवढंच: अठराच्या आत तो बालविवाह आहे. १०९८ वर कळवा.

समिती मूल काढून घेईल का?

दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ९ सांगतं की केवळ दिव्यांगत्वाच्या कारणानं कुठलंही मूल आईवडिलांपासून वेगळं करता येत नाही. तसं करायचं तर सक्षम न्यायालयाचा आदेश लागतो, तोही मुलाच्या हिताचा. आईवडील खरोखर सांभाळू शकत नसतील तर आधी जवळचे नातेवाईक, मग वस्तीतलंच दुसरं कुटुंब, आणि अगदीच अपवाद म्हणून निवारागृह, असा क्रम आहे. बाल न्याय कायदाही संस्थेला शेवटचा उपाय मानतो. समिती मूल घरीच ठेवून देखरेख लावू शकते किंवा आजी-मावशीकडे देऊ शकते. सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत अपेक्षित असतो. त्या अहवालासाठी कर्मचारी घरी येईल तेव्हा आजीला, मावशीला, शाळेच्या बाईंना हजर ठेवा.

संस्थेची वेळ आलीच, तर डोळे उघडे ठेवा. पनवेलजवळच्या एका खासगी संस्थेत मतिमंद मुलींवर अत्याचार झाल्याचं २०११ मध्ये उघड झालं आणि २०१३ मध्ये न्यायालयानं दोषींना शिक्षा सुनावली. बाल न्याय कायद्याखालची नोंदणी, रात्री मुलींच्या विभागात कोण असतं आणि भेटीचे दिवस कोणते, हे विचारा आणि भेटीला न कळवता जा.

अठराव्या वाढदिवसाआधी

अठरा पूर्ण झाले की बाल कल्याण समितीचं क्षेत्र संपतं, पण ज्यांना स्वतःचे व्यवहार सांभाळता येत नाहीत त्यांचं परावलंबित्व संपत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती पालक नेमते. पालक छळ करत असेल, दुर्लक्ष करत असेल किंवा मालमत्ता खात असेल तर आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था त्याला हटवण्याचा अर्ज देऊ शकतात.

मूल सतराचं झालं की कागद जमवायला लागा: दिव्यांग कार्ड, जन्मदाखला, आधार, बँक पासबुक. आधी घरात हिंसा झाली असेल तर समितीचे आदेश, एनसी, केसपेपर यांच्या प्रती त्याच फाइलमध्ये लावा. पालक म्हणून कुणाचं नाव असावं ते लिहाल, त्याच अर्जात कुणाचं असू नये आणि का, हेही तारखांसह लिहून द्या.